‘लोकेशन काढा’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

ज्या सरांनी नव्वदच्या दशकात हॉस्टेलचे दिवस काढले आहेत त्यांना एकदा विचारून बघा, घरचा फोन कसा यायचा. अख्ख्या हॉस्टेलला मिळून फोन एकच, तोही रेक्टरच्या ऑफिसात. फोन वाजला की शिपाईमामा तो उचलणार, नाव ऐकणार, रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवणार आणि चौकात येऊन खणखणीत आवाजात पुकारा करणार, "ए देशमुऽऽख, घरनं फोन!" देशमुख खोलीत आहे, मेसमध्ये आहे की गच्चीवर, हे मामांना माहीत नसायचं आणि माहीत असायची गरजही नसायची. तो याच हॉस्टेलचा आहे आणि गेटच्या रजिस्टरमध्ये बाहेर गेल्याची सही नाही, एवढं पुरायचं. उरलेलं काम मामांचा आवाज आणि देशमुखचे पाय करायचे.

तुमचा मोबाईल वाजतो तो जवळजवळ याच पद्धतीने. फक्त मामांच्या जागी टॉवर ओरडतात, आणि ते एकाच वेळी पुष्कळ चौकांत ओरडतात.

हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांनी आपल्या डोक्यात भलतंच चित्र भरवलंय. कंपनीच्या ऑफिसात भला मोठा पडदा आहे, त्यावर प्रत्येक गिऱ्हाईक लाल ठिपका होऊन फिरतंय, आणि कुणीतरी दोन बटणं दाबली की "साहेब, सापडला!" असा पडदा कुठेही नाही. फोन खिशात नुसता पडून असेल, कॉल नाही, नेट बंद, तर त्या क्षणी तो नेमक्या कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला ठाऊकच नसतं. ठाऊक असतो तो एक मोठा इलाखा. असं का, हे समजलं की मोबाईल नेटवर्कचं निम्मं डिझाइन समजतं. आणि पुढे कधी खरोखरच ‘लोकेशन काढा’ म्हणायची वेळ आली तर आपण नक्की काय मागतोय हेही कळतं.

आधी थोडा इतिहास. नेटवर्कने आपला माग ठेवलाच नाही तर काय होईल, याचा प्रयोग जर्मनीत होऊन गेलाय. तिथे १९७२ साली ‘बी-नेट्झ’ नावाचं कारफोनचं जाळं सुरू झालं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. त्यात गाडीतल्या माणसाला फोन लावायचा तर ती गाडी आत्ता देशाच्या कुठल्या भागात आहे हे फोन लावणाऱ्यालाच माहीत असावं लागे, कारण त्या भागाचा कोड आधी फिरवायचा असे. साहेब हॅम्बुर्गला आहेत की म्युनिकला हे माहीत नसेल तर एकामागून एक कोड लावत बसा! नंतर १९८१ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी एनएमटी नावाचं जाळं उभारलं. त्यात ग्राहक कुठे आहे याची नोंद आपोआप व्हायला लागली. जीएसएमने तीच कल्पना पक्की केली, आणि ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना लावलेल्या कॉलने भारतात मोबाईल सेवा सुरू झाली तेव्हा हीच यंत्रणा आपल्याकडे आली.

तर ही यंत्रणा अशी. कंपनी आपले टॉवर गटागटाने वाटते. एका गटाला म्हणतात लोकेशन एरिया. एका एरियात दहा-वीस सेलही असू शकतात, शेकड्यानेही असू शकतात. प्रत्येक टॉवर सतत हवेत जाहीर करत असतो की मी अमुक देशातला, अमुक कंपनीचा, अमुक नंबरच्या एरियातला. तुमचा हँडसेट गुपचूप हे ऐकत असतो. तुम्ही टॉवर बदललात पण एरिया तोच राहिला, तर फोन तोंडातून ब्र काढत नाही. एरियाचा नंबर बदललेला दिसला की मात्र तो तत्परतेने कळवतो, "मी आता इकडे आलोय बरं का." याला लोकेशन अपडेट म्हणतात.

हा अपडेट तुमच्यापैकी अनेकांनी कानांनी ऐकलाय. २जीचा हँडसेट कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ ठेवला की मधूनच ‘टिक्‌-टिडिक्‌-टिडिक्‌’ असा आवाज येतो. कॉल नाही, मेसेज नाही, मग हा कशाला बोंबलतोय? जीएसएममध्ये ४.६१५ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये आठ जणांच्या पाळ्या लावलेल्या असतात, म्हणजे फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा बोलतो आणि गप्प होतो. स्पीकरचा अॅम्प्लिफायर ही उघडझाप पकडतो आणि आपल्याला ती गुरगुर ऐकू येते. विनाकारण वाटणारी ती गुरगुर बहुतेक वेळा फोनने लावलेली हजेरी असते. एरिया बदलली नाही तरी ठरावीक वेळाने फोनला ‘मी आहे’ असं कळवावंच लागतं. त्याचं घड्याळ सहा-सहा मिनिटांच्या पटीत लावता येतं, जास्तीत जास्त साडेपंचवीस तासांपर्यंत. किती लावायचं ते कंपनी ठरवते.

आता रजिस्टरं. ती दोन असतात. पहिलं घरचं, त्याला एचएलआर म्हणतात. तुमचं सिम ज्या कंपनीच्या ज्या सर्कलमधलं, तिथे ते कायमचं असतं. दुसरं पाहुण्यांचं, व्हीएलआर. तुम्ही सध्या ज्या भागात आहात तिथल्या एक्स्चेंजपाशी ते असतं. पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये तुमचा लोकेशन एरिया लिहिलेला असतो. घरच्या रजिस्टरमध्ये तेवढंही नसतं. तिथे फक्त ‘सध्या अमुक व्हीएलआरकडे चौकशी करावी’ अशी चिठ्ठी असते. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाबद्दल आपल्या रेक्टरना ‘मामाकडे गेलाय, सांगली’ इतकंच माहीत असतं. मामाच्या घरात तो माडीवर आहे की परसात, हे मामाला विचारायचं. तसंच हे.

कॉल आला की घरचं रजिस्टर व्हीएलआरला विचारतं, व्हीएलआर एरिया बघतो, आणि त्या एरियातले सगळेच्या सगळे टॉवर एकदम तुमच्या नावाचा पुकारा करतात. यालाच पेजिंग म्हणतात. बरं, फोन काही चोवीस तास कान टवकारून बसत नाही. बसला तर बॅटरी दुपारीच संपायची. अर्ध्या ते दोनेक सेकंदांतून एकदा त्याची पाळी येते, तेवढ्यापुरता तो जागा होतो, आपलं नाव आहे का बघतो आणि परत झोपतो. (पहिल्या लेक्चरला हजेरीपुरते जागे होणारे आपल्याकडेही आहेत. नावं घेत नाही.) नाव ऐकलं की तो उत्तर देतो, आणि त्या क्षणी नेटवर्कला कळतं की हा अमुक टॉवरच्या अमुक सेलमध्ये आहे.

पुकारा खऱ्या नावाने होत नाही, टोपणनावाने होतो, हेही गंमतीचं आहे. सिमचा खरा क्रमांक, म्हणजे आयएमएसआय, पंधरा आकडी असतो. आपल्याकडची बहुतेक सिमं ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात. हा क्रमांक पुन्हा पुन्हा हवेत उच्चारला तर रेडिओ घेऊन बसलेला कुणीही ऐकून ओळखेल. म्हणून व्हीएलआर तुम्हाला चार बाइटचं एक तात्पुरतं नाव देतो. हॉस्टेलमध्ये नाही का, ‘बाबू’, ‘डबल्या’, ‘मास्तर’ कोण हे बाहेरच्याला कळत नाही! याचा आणखी एक फायदा निव्वळ हिशेबाचा आहे. पेजिंगच्या एका मेसेजमध्ये खरे क्रमांक दोनच मावतात, टोपणनावं चार मावतात. एकाच पुकाऱ्यात दुप्पट माणसं.

इथे खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न येतो: एरिया केवढा ठेवायचा? मला विचाराल तर सगळ्या विषयात हा सर्वांत सुंदर भाग आहे. एरिया लहान ठेवला तर पुकारा थोड्या टॉवरांवर भागतो, पण प्रवास करणाऱ्या प्रत्येक फोनला सारखी हजेरी लावावी लागते. एरिया मोठा ठेवला तर हजेरी कमी, पण प्रत्येक कॉलला अर्ध्या जिल्ह्यात आरडाओरडा. हिशेब करून बघू. क्षेत्रफळ A आणि परिमिती L असलेल्या भागात माणसं कुठल्याही दिशेला v वेगाने फिरत असतील, तर एक माणूस तासाला सरासरी vL/πA वेळा हद्द ओलांडतो. दहा किलोमीटर बाजूचा चौरस घ्या, वेग ताशी ३० किलोमीटर. उत्तर येतं तासाला ३.८ वेळा. बाजू वीस किलोमीटर केली की १.९ वेळा, म्हणजे हजेऱ्या निम्म्या झाल्या. पण क्षेत्रफळ चौपट झालं, टॉवर चौपट झाले, आणि प्रत्येक कॉलमागे पुकारे चौपट. एक गोष्ट निम्मी करायला दुसरी चौपट करावी लागते, मग कुठेतरी मध्ये तडजोड निघते. ती तडजोड म्हणजे तुमचं ‘लोकेशन’. तुम्ही कुठे आहात हे जाणून घ्यायची उत्सुकता म्हणून ही हद्द आखलेली नाही. कमीत कमी सिग्नलिंगमध्ये कॉल पोचवायचा म्हणून आखली आहे.

हद्दीवर राहणाऱ्यांचे हाल वेगळेच. एखादी खोली बरोबर दोन एरियांच्या सीमेवर असेल तर फोन घडीत इकडचा टॉवर धरणार, घडीत तिकडचा, आणि दर वेळी हजेरी. बॅटरी उगाच खर्च. म्हणून दुसऱ्या एरियातला टॉवर थोडासा जास्त जोरात ऐकू आला एवढ्यावर फोन उडी मारत नाही. तो चांगला काही डेसिबलने सरस असावा लागतो. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले जे हिस्टेरिसिस ओरलला घोकतात, तेच इथेही आहे. रेल्वेचं बोला तर आणखी मजा. डेक्कन क्वीनसारखी भरलेली गाडी एरियाची हद्द ओलांडते तेव्हा आतले शेकडो फोन मिनिटभरात एकदम ‘आलो, आलो’ करतात आणि तिथल्या सेलचे सिग्नलिंग चॅनल तुंबतात. म्हणून हद्द आखणारे ती शक्यतो गर्दीच्या रेल्वेमार्गावर आणि हमरस्त्यावर येऊ देत नाहीत.

आता हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा विषय: ‘स्विच ऑफ’ आणि ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ यात फरक काय? फोन रीतसर बंद केला की तो बंद होता होता निरोप पाठवतो, ‘मी चाललो’. व्हीएलआर नावापुढे खूण करतो. मग कुणी फोन लावला तर पुकारा न करताच बाईंचा आवाज येतो, स्विच ऑफ. पण फोन चालू असताना बॅटरीच उपसली, तर निरोप द्यायला वेळच मिळत नाही. नेटवर्क समजतं गडी इथेच आहे, बिचारं पुकारा करत राहतं, उत्तर येत नाही, आणि बाई सांगतात कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. बॅटरी निघणाऱ्या हँडसेटच्या जमान्यात ही युक्ती किती जणांनी किती जणांच्या घरच्यांवर वापरली असेल याची गणती नाही. "अगं आई, रेंजच नव्हती!" अर्थात हे सोंग फार काळ टिकत नाही. ठरल्या वेळी हजेरी आली नाही की नेटवर्क आपणहून तुम्हाला गैरहजर मांडतं. नेमका कुठला निरोप ऐकवायचा यात कंपनीकंपनीचा फरक असतो, पण आतलं तत्त्व हेच.

रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे का पडायचे, हेही याच रजिस्टरांतून उलगडतं. समजा सिम नागपूरचं आणि मुलगा इंटर्नशिपला बंगळुरूला. आई नागपुरातून फोन लावते. कॉल आधी नागपूरच्याच एक्स्चेंजला जातो, ते एचएलआरला विचारतं, एचएलआर बंगळुरूच्या व्हीएलआरला विचारतो. व्हीएलआर त्या एका कॉलपुरता एक तात्पुरता नंबर देतो आणि त्या नंबरवर कॉल पुढे बंगळुरूला ढकलला जातो. आई तर लोकल कॉल समजून बोलतेय, तिला पोरगा कुठे आहे काय ठाऊक? मग नागपूर ते बंगळुरू या टप्प्याचा खर्च कुणी द्यायचा? जो फिरतोय त्याने. आणि त्या मुलाला बंगळुरूच्याच शेजारच्या खोलीतल्या मित्राने फोन लावला तर कॉल नागपूरला जाऊन परत बंगळुरूला येणार! मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही सर्कलं वेगळी असल्यामुळे पुण्याचं सिम घेऊन दादरला उतरलं तरी माणूस ‘पाहुणा’च. २०१७ च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगचे पैसे बहुतेक कंपन्यांनी बंद केले. रजिस्टरांची ही रीत मात्र राहिली.

इथवर सगळं मजेचं झालं. आता जे सांगतो ते तसं नाही.

आपल्या हॉस्टेलमधला सेकंड इयरचा एक मुलगा एका पावसाळी रविवारी हरिश्चंद्रगडावर गेला होता. उतरताना धुक्यात ग्रुपपासून सुटला. रात्री नऊ वाजता बाकीचे परत आले, हा नाही. फोन लागेना. रेक्टर सरांनी घरी कळवलं तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, "सर, मोबाईलवरनं पाच मिनिटांत लोकेशन निघतं ना हल्ली? तेवढं काढायला सांगा की." त्या आवाजात जो विश्वास होता तो अजून माझ्या कानात आहे. पोलिसांनी प्रयत्न केले आणि मध्यरात्रीनंतर शेवटची नोंद मिळाली. टॉवर मुरबाड तालुक्यातला, म्हणजे कड्याच्या खाली कोकणात! सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कोकणकड्यावरून खाली... पुढचं कुणी बोलेना. शोधाची निम्मी माणसं तिकडे वळली. पोरगा सकाळी पाचनईच्या बाजूला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, गावकऱ्यांना सापडला. पाय मुरगळला होता, भिजून काकडला होता, बाकी ठीक.

नोंद खोटी नव्हती. उंच कड्यावर उभं राहिलं की कोकणातले टॉवर थेट नजरेच्या टप्प्यात येतात, आणि फोन जवळचा टॉवर बघत नाही, चांगला ऐकू येणारा बघतो. जीएसएमचा टॉवर ३५ किलोमीटरपर्यंतच्या फोनशी बोलू शकतो. दुपारी कड्यावर असताना त्याचा फोन कोकणातल्या टॉवरशी बोलला, पुढे उतरताना दरीत रेंज गेली आणि शेवटी बॅटरी. रजिस्टरमध्ये राहिलं ते दुपारचं कोकण. ‘शेवटची नोंद’ म्हणजे माणूस शेवटी होता ती जागा असं आपण धरून चालतो. असते ती फोनचं नेटवर्कशी शेवटचं बोलणं झालं ती जागा, आणि तीही टॉवरच्या पत्त्याने सांगितलेली.

ही नोंद किती ढोबळ असते ते आकड्यांत बघा. टॉवरवर साधारण तीन अँटेना असतात, प्रत्येकीची दिशा १२० अंशांची. सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढता येतं, पण २जीमध्ये ते ५५० मीटरच्या पायऱ्यांनी मोजलं जातं. समजा फोन टॉवरपासून दहा किलोमीटरवर आहे. मग तो कुठे असेल? दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या एक तृतीयांश कमानीवर, ५५० मीटर रुंदीच्या पट्ट्यात. क्षेत्रफळ काढा, साडेअकरा चौरस किलोमीटर येतं. ४जीमध्ये पायरी ७८ मीटरची असते, म्हणून तोच पट्टा दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरवर येतो. शहरात टॉवर दाट असतात, तिथे काही शे मीटरपर्यंत अंदाज बांधता येतो. सह्याद्रीत नाही. आणि हे अंतरसुद्धा फोन बोलत असेल तेव्हाच मोजलं जातं. झोपलेल्या फोनचं काहीच मोजता येत नाही.

म्हणून ट्रेकला जाणाऱ्यांनो, रेंज असलेल्या जागी पोचलात की घरी एक साधा मेसेज टाका, त्यात जागेचं नाव लिहा. त्या मेसेजने नोंदही ताजी होते आणि माणसाला वाचता येईल असा पत्ताही राहतो. वाट चुकलात तर ११२ लावून बघा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी इमर्जन्सी कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. जीपीएसला रेंज लागत नाही, ते फक्त उपग्रहांचं ऐकतं, त्यामुळे नेट नसलं तरी स्क्रीनवरचे अक्षांश-रेखांश फोनवर वाचून दाखवता येतात. आणि रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो, त्यात बॅटरी झपाट्याने संपते. अशा वेळी तो एअरप्लेन मोडवर टाकून उंचावर आल्यावरच चालू करणं शहाणपणाचं.

एका नोंदीची ही गोष्ट झाली. ढीगभर नोंदींची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचे माल्टे श्पिट्झ यांनी आपल्याच मोबाईल कंपनीशी, डॉइश टेलिकॉमशी, कायदेशीर भांडण करून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या, ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१०. पस्तीस हजारांहून जास्त नोंदी निघाल्या. २०११ मध्ये ‘त्साइट ऑनलाइन’ने त्या नकाशावर मांडल्या. एकेक नोंद टॉवरची, म्हणजे ढोबळच. पण सगळ्या एकापुढे एक ठेवल्यावर हा माणूस झोपतो कुठे, कुठल्या गाडीने जातो, कुठल्या सभेला होता, हे कुणालाही दिसत होतं. अमेरिकेत कार्पेंटर नावाच्या आरोपीच्या खटल्यात पोलिसांनी १२७ दिवसांच्या १२,८९८ नोंदी घेतल्या होत्या. दिवसाला शंभरेक झाल्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशा नोंदी घ्यायला सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या आणि कॉलच्या नोंदी जपायची मुदत एक वर्षावरून किमान दोन वर्षं केली.

यात स्मार्टफोनने भर घातली आहे. सुरुवातीला म्हटलं तो खिशात शांत झोपलेला फोन आता दुर्मिळ झालाय. व्हॉट्सअॅप, मेल, कुठल्याशा गेमची नोटिफिकेशन, काही ना काही त्याला उठवत असतं. आणि उठला की तो नेमक्या सेलमध्ये सापडतो. मामांनी पुकारा करायच्या आधीच देशमुख दर पाच मिनिटांनी ऑफिसात डोकावून जातोय म्हणा ना.

दुसरी अडचण रजिस्टरांच्या आपसातल्या बोलण्याची. एका नेटवर्कने दुसऱ्याला ‘हा ग्राहक कुठे आहे?’ असं विचारायची जी भाषा आहे, एसएस७, ती १९८० च्या सुमारास ठरली. तेव्हा टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या, बहुतेक सरकारी, आणि एकमेकींना ओळखणाऱ्या. विचारणारा खरोखर कोण आहे हे तपासायची गरजच कुणाला वाटली नाही. पुढे जगभर शेकडो कंपन्या या जाळ्यात आल्या. जर्मन संशोधक टोबियास एंगेल यांनी २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत दाखवलं की नुसता फोन नंबर माहीत असेल तर या भाषेत प्रश्न विचारून माणूस कुठल्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे ते कळतं. २०१४ मध्ये त्यांनी नेमका सेलसुद्धा विचारता येतो हे दाखवलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी अशा प्रश्नांना चाळणी लावली. पण चाळणी प्रत्येकाने आपापल्या दारात लावायची असते.

तिसरी अडचण टॉवरची. २जीमध्ये सिम आपली ओळख टॉवरला पटवतं, टॉवर मात्र सिमला काहीच पटवत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून आसपासच्या फोनांना ‘तुमचं खरं नाव सांगा’ असं विचारता येतं, आणि ते बिचारे सांगतात. ३जीपासून दोन्ही बाजूंनी ओळख पटवायची पद्धत आली. ४जीमध्ये लोकेशन एरियाच्या जागी ट्रॅकिंग एरिया आला, आणि प्रत्येक फोनला सोळा एरियांपर्यंतची त्याची स्वतःची यादी देता येऊ लागली. लायब्ररीत बसणाऱ्याला छोटी, एसटीने फिरणाऱ्याला लांबलचक. वर केलेला तो निम्मे-चौपटचा हिशेब आता माणसागणिक मांडता येतो. पण पहिल्या भेटीत खरा क्रमांक उघडा सांगायची सवय ४जीमध्येही राहिली. ५जीच्या मानकात ती दुरुस्त केली आहे. सिमचा क्रमांक घरच्या नेटवर्कच्या पब्लिक कीने कुलूपबंद करूनच हवेत पाठवायचा, म्हणजे मधल्या टॉवरला तो वाचता येत नाही. ही सोय मिळायला आतलं नेटवर्कही ५जीचं हवं. ४जीच्या पाठीवर बसवलेल्या ५जीमध्ये ती मिळत नाही, स्क्रीनवर ५जी लिहिलेलं असलं तरी.

आणि कितीही नवा फोन असला तरी वरचा सिग्नल दाबून टाकला की तो २जीवर उतरतो, तिथे जुनी कहाणी परत सुरू. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करायचं बटण आलं आहे. तुमच्याकडे असेल तर शहरात ते बंद ठेवायला हरकत नाही, इमर्जन्सी कॉलसाठी फोन गरज पडली तर २जी वापरतोच. फक्त गडावर निघताना आठवणीने ते परत चालू करा. आतल्या गावांत पुष्कळ ठिकाणी पोचते ती २जीचीच रेंज, आणि तिथे घरी मेसेज जाणं जास्त महत्त्वाचं.